रिक्षाच्या वेगाने पृथ्वी

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला चिनी विज्ञानपटांवरचा लेख वाचला. 'द वाँडरिंग अर्थ' (२०१९) लेखकाने 'निव्वळ फेकाफेकी' म्हणून एका ओळीत निकालात काढलाय. मी तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, त्यामुळे राहवलं नाही. फेकाफेकी आहेच, पण नेमकी कुठे ते तरी सांगायचं!

पृथ्वीला इंजिनं लावून सूर्यमालेबाहेर न्यायची, ही त्या गोष्टीची अटच आहे. ती मान्य नसेल तर चित्रपट लावूच नये. जाता जाता गुरूच्या गुरुत्वाकर्षणाचा हिसका घेऊन वेग वाढवायचा, हे मात्र अस्सल शास्त्र. १९७९ मध्ये दोन्ही व्हॉयेजर यानांनी तेच केलं. गुरूच्या फार जवळ गेल्यास पृथ्वीच्या ठिकऱ्या होतील, ही भीतीही खोटी नाही. शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे १९९२ मध्ये असेच तुकडे झाले आणि दोन वर्षांनी ते गुरूवरच आदळले.

घोळ आहे तो शेवटाला. गुरू पृथ्वीवरची हवा ओढून घेतो, तिच्यातला ऑक्सिजन त्याच्या हायड्रोजनमध्ये मिसळतो, ते मिश्रण पेटवतात आणि त्या धक्क्याने पृथ्वी सुटते. माझी दहावीतली नात म्हणाली, "आबा, एवढ्याने हलेल ती?" मी विजेचं बिल पालथं घातलं आणि पेन घेतलं. हवेतला सगळा ऑक्सिजन म्हणजे बारावर सतरा शून्यं इतके किलो. त्यातला एक किलो हायड्रोजनबरोबर जळला की साधारण १८ मेगाज्यूल ऊर्जा. पृथ्वीचं वस्तुमान सहावर चोवीस शून्यं. शून्यं मोजताना ती दोनदा चुकली, मी एकदा (माझी चूक तिच्या लक्षात आली नाही). सगळाच्या सगळा ऑक्सिजन जाळला आणि एक ज्यूलही वाया न जाता पृथ्वी ढकलायला वापरला, तरी वेगात फरक पडतो सेकंदाला जेमतेम २.७ मीटरचा. म्हणजे ताशी पावणेदहाच्या आसपास किलोमीटर. संध्याकाळी घोडबंदर रोडला अडकलेली रिक्षा साधारण एवढीच पळते. गुरूच्या इतक्या जवळ आलेली पृथ्वी सेकंदाला चाळीस-पन्नास किलोमीटरने धावत असणार. तिला हा धक्का कळणारही नाही.

असा एखादा हिशेब परीक्षणाशेजारी चौकटीत छापा ना. चार इंच जागा पुरते. दहावीच्या मुलांना समजतो, आमच्या घरी तरी समजला.

दुसऱ्या भागात (२०२३) तर अणुबाँबने चंद्रच फोडतात. नातीचा लगेच प्रश्न: मग ठाणे खाडीला भरती यायची बंद? बंद नाही होणार. सूर्यामुळेही भरती येते, चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी. तेवढं सांगितलं, पण तिला आकडा करून हवाय आणि बिलाची मागची बाजू भरली.

– एक निवृत्त शिक्षक, पाचपाखाडी, ठाणे