सोलां आणि सिग्मा

डिचोली

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सूर्य-ताऱ्यांच्या सूत्रांच्या चारपानी तक्त्याबद्दल रडत होतीस, तेव्हा मी गच्चीवर सोलां (कोकमाच्या वाळत घातलेल्या साली) उलटत होते. कोपरापर्यंत मीठ नि लाल रस. धड बोलता आलं नाही.

चार पानं पाठ करायला बसू नकोस. त्या गच्चीवरूनच सुरुवात कर. वातावरणाच्या वर, उन्हासमोर सरळ धरलेल्या एका चौरस मीटरवर १३६१ वॅट पडतात. (माझ्या सोलांपर्यंत भर दुपारी हजारेक पोचतात, तेवढे पुरतात.) सूर्य १४ कोटी ९६ लाख किलोमीटरांवर. तेवढ्या त्रिज्येच्या गोलाचं क्षेत्रफळ मीटरमध्ये काढ, १३६१ ने गुण: ३.८३ गुणिले दहाचा सव्विसावा घात, इतके वॅट. ही सूर्याची दीप्ती, म्हणजे तो सगळीकडे मिळून दर सेकंदाला टाकतो ती ऊर्जा.

आता सूर्याच्या पृष्ठाचं तापमान, त्याला स्टेफान-बोल्ट्झमनचा नियम. दीप्ती म्हणजे पृष्ठाचं क्षेत्रफळ, गुणिले सिग्मा, गुणिले तापमानाचा चौथा घात. सिग्मा हा ठरलेला स्थिरांक, ५.६७ गुणिले दहाचा उणे आठवा घात. हा मात्र पाठच हवा. रात्री विजेच्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर मी हे मांडलं आणि उत्तर आलं ४०८० केल्विन. सूर्य गार! इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवून हे. तुझे बाबा म्हणाले, झोप आता. पण झोप कसली येते? अकराच्या सुमारास दिसलं: त्रिज्येच्या जागी व्यास घातला होता. त्रिज्या दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, म्हणून तापमान दोनाच्या वर्गमुळाने खाली. ६ लाख ९६ हजार किलोमीटर घातले आणि ५७७० आले. चुकीचा आकडा कितीपट चुकलाय ते बघ, चूक कुठे आहे ते तोच सांगतो.

त्यावर वीनचा नियम, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश सर्वांत जोरात ते सांगणारा एक भागाकार: ०.००२८९८ भागिले ५७७०, साधारण ५०२ नॅनोमीटर. हिरवा प्रकाश.

सूर्याचं वस्तुमान तू काढ. चार गुणिले पायचा (π) वर्ग गुणिले सूर्याच्या अंतराचा घन, भागिले जी गुणिले वर्षातल्या सेकंदांचा वर्ग. जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, ६.६७ गुणिले दहाचा उणे अकरावा घात, सेकंद ३ कोटी १५ लाख ६० हजार. दोनावर तीस शून्यांच्या आसपास किलो आले नाहीत तर अंतर किलोमीटरमध्ये घातलंयस, मला विचारू नकोस.

रविवारी उत्तर सांग. सोलांना अजून दोन उन्हं लागतील, मग पार्सल करते.

तुझी,
आई