नियमाने गेलो आणि गाडी जप्त झाली : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहन मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी 19 वर्षे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज चालवतो. माझा धाकटा भाऊ रोज पहाटे 100 सीसीच्या गाडीला दुधाचे दोन कॅन बांधून वाड्यावस्त्यांवर फिरतो. जाऊन-येऊन त्याचे 80 किलोमीटर होतात. गेल्या मंगळवारी भरारी पथकाने ही गाडी अडवली, विनापरवाना बदल केल्याबद्दल 5,000 रुपयांचा दंड लावला आणि गाडी जमा करून घेतली. त्या दिवशी गाडीवर दूध नव्हते. भाऊ ती जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात तपासणीसाठी नेत होता आणि तसे बोलावणारे त्याच कार्यालयाचे पत्र त्याच्या खिशात होते. पथकातील साहेबांनी ते पत्र उलगडून पाहिलेसुद्धा नाही.

पेट्रोलने शंभरी ओलांडल्यावर आम्ही गाडीला एलपीजी किट बसवायचे ठरवले. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. रिक्षा आणि मोटारी त्यावर वर्षानुवर्षे धावत आहेत. मोटार वाहन कायद्याच्या, वाहनातील बदलांविषयीच्या कलम 52 मध्ये 2000 साली दुरुस्ती झाली, पुढच्याच वर्षी वाहनांतील एलपीजीच्या वापराचा स्वतंत्र आदेश निघाला, आणि तेव्हापासून मान्यताप्राप्त किट बसवून आरसी बुकावर तशी नोंद करून घेण्याची वाट कायद्याने मोकळी आहे. आम्ही त्याच वाटेने गेलो. आधी लेखी परवानगी घेतली, मग किट कंपनीच्या अधिकृत केंद्रात बसवून घेतले आणि 14 दिवसांच्या आत बदलाची माहिती कार्यालयाला दिली. आता फक्त तपासणी होऊन नोंद व्हायची होती, आणि त्यासाठी 15 दिवसांची मुदत कार्यालयाने स्वतः लिहून दिली होती. आज त्याला 22 महिने झाले.

किट बसवले जात असताना मी शेजारी उभा राहून प्रत्येक जोड पाहिला. टाकी 80 टक्के भरली की मल्टिव्हॉल्व्ह गॅस आत घेणे थांबवतो, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. इंजिन बंद पडले की सोलेनॉइड व्हॉल्व्ह गॅसची वाट बंद करतो. घरी आणल्यावर मी गाडी स्टँडवर लावून अर्धा तास चालू ठेवली, तेव्हा द्रव गॅसचा दाब उतरवून त्याचा वायू करणाऱ्या रेग्युलेटरवर पांढरे दव गोठलेले दिसले. द्रवाचा वायू होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. मोटारीत ती इंजिनच्या गरम पाण्यातून मिळते, पण हवेवर थंड होणाऱ्या आमच्या इंजिनात पाणीच नाही. मी केंद्राला कळवले, त्यांनी रेग्युलेटर सरकवून इंजिनच्या हेडवरील गरम पात्यांजवळ (फिन्सजवळ) घेतला आणि गोठणे थांबले. त्यानंतर मी प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावून पाहिले, एकही बुडबुडा उठला नाही. नोंद होईपर्यंत गॅसवर गाडी चालवायची नाही म्हणून टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, आणि हे सगळे महिने भाऊ पेट्रोलच भरत आला.

महोदय, या तपशिलातले एक अक्षरही मला कोणत्याही टेबलावर कोणी विचारले नाही. पहिल्या फेरीत सांगण्यात आले की तपासणी करणारे साहेब रजेवर आहेत. दुसऱ्या फेरीत फाइल सापडत नव्हती. चौथ्या की पाचव्या फेरीत एका लिपिकाने, "दुचाकीला कुठे गॅस बसतो का?" असे मोठ्याने विचारले आणि रांगेतले लोक माझ्याकडे पाहून हसले. 2016-17 मध्ये दिल्ली आणि मुंबईत स्कूटरना सीएनजी किट बसवली गेली. 5 जुलै 2024 रोजी पुण्यात बजाजची सीएनजीवर चालणारी मोटारसायकल केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते बाजारात आली, तिच्या सीटखाली दोन किलोंचे सिलिंडर आहे. सीएनजीचा दाब एलपीजीच्या कितीतरी पट असतो. कंपनी तो गॅस सीटखाली ठेवू शकते, तर मान्यता मिळालेली एलपीजीची छोटी टाकी दुचाकीला चालत नाही, हे तुमच्या कार्यालयाने कोणत्या आधारावर ठरवले?

शेवटी कार्यालयाने लेखी त्रुटी काढली, ती अशी की किटच्या मान्यतेची मुदत संपली आहे. ही मान्यता तीन वर्षांची असते. अर्ज दिला त्या दिवशी ती चालू होती, ती संपली ती फाइल त्यांच्या कपाटात पडून असताना. यात आमचा दोष कोणता, याचे उत्तर मी तीन पत्रे पाठवून मागितले. उत्तर म्हणून तपासणीचे बोलावणे आले आणि त्या बोलावण्याच्या वाटेवर गाडी गेली.

गॅसच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरपेक्षा साधारण चौथ्या हिश्शाने कमी ऊर्जा असते. तो तोटा धरूनही माझ्या हिशेबाने रोज 35 ते 40 रुपये वाचले असते. 22 महिन्यांत ती रक्कम वीस हजारांच्या पुढे जाते. किटचे पैसे भावाने पतपेढीतून उचलले आणि त्याचे हप्ते तो आजही भरतो आहे. गाडी जमा झाली त्या दिवशी संध्याकाळचे दूध पोहोचले नाही, नासलेले दोन्ही कॅन वहिनीने गोठ्यामागे ओतले, आणि मी ते दारातून पाहिले. त्या वेळी मला वाटले ते या पत्रात लिहिण्यासारखे नाही.

पण याहून मोठे दुखणे आहे. या दोन वर्षांत माझ्या गॅरेजमध्ये तीन गिऱ्हाइके घरगुती लाल सिलिंडरमधून गाडीत गॅस भरून देता का, असे विचारत आली. मी तिघांनाही परत पाठवले. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत पसरतो, गॅरेजच्या खड्ड्यात साचतो, आणि स्विचची एक ठिणगी त्याला पुरते. दुसरीकडे कोणीतरी ते काम रात्री करून देतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तिथे भरारी पथक जात नाही, कारण तिथे अर्ज नसतो, फाइल नसते आणि पत्ताही नसतो. पत्ता आमचा असतो, कारण आम्ही तो अर्जावर लिहून दिलेला असतो. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने विनापरवाना केलेल्या प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. मात्र नोंद वेळेत न करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातून कधी एक रुपया कापला गेल्याचे मी ऐकलेले नाही. राज्यात ठरल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देणारा 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्याचा फलक त्याच कार्यालयाच्या भिंतीवर आहे आणि त्याखालच्या बाकावर एजंट बसतात. मी त्यांच्यामार्फत आलो असतो तर ही नोंद आठवड्यात झाली असती, असे मला त्यांच्यापैकीच एकाने सांगितले. प्रामाणिक माणसाला सरळ मार्गाने आल्याचा पश्चात्ताप व्हावा, अशी व्यवस्था तुमच्या खात्यात चालते आणि ती तुम्हाला माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

दुचाकीच्या गॅस किटची तपासणी करता येणारा एक तरी निरीक्षक प्रत्येक जिल्ह्यात असावा, मान्य किटची यादी कार्यालयाच्या दारावर लावावी आणि अर्जाच्या दिवशी चालू असलेली मान्यता ग्राह्य धरावी. पण हे सगळे सावकाश झाले तरी चालेल. आधी गाडी सोडण्याचा आदेश द्या. भाऊ सहा दिवस भाड्याच्या टेम्पोतून दूध नेतो आहे. टेम्पोवाल्याला रोजचे 400 रुपये दिल्यावर त्याच्या हातात काहीही उरत नाही, आणि टेम्पोवाल्याने सोमवारपासून येणार नाही असे सांगितले आहे.

आपला,
एक दुचाकी मिस्त्री