ती गाडी कोण चालवत होतं? संरक्षणमंत्र्यांना एका माजी हवालदाराचे खुले पत्र

मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

साहेब, जय हिंद.

मी पंच्याहत्तर वर्षांचा माजी हवालदार, ट्रेड ड्रायव्हर. १९६८ ला भरती झालो, १९८५ ला पेन्शनवर आलो. हे पत्र मी सांगतो आहे आणि नात टाइप करते आहे. आजवर एकोणीस पत्रे बंद पाकिटातून पाठवली. त्यांचे काय झाले ते पुढे सांगतो. हे विसावे आहे, म्हणून उघडे लिहितो आहे. आपला वेळ घेतो, माफी असावी.

गेल्या १६ डिसेंबरला, विजय दिवसाला, आमच्या तालुक्याच्या गावी १९७१ च्या युद्धातल्या जवानांचा सत्कार होता. आमंत्रण घरी आले होते. मी ब्लेझर चढवला, बूट स्वतः पॉलिश केले, नातीला बरोबर घेतले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलो. यादी घेऊन एक तरुण कर्मचारी आला. त्याने डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणारी नोकरीच्या नोंदींची वही, मागितले, पाने उलटली आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या बुकात युद्धाचं पदक नाही. ही रांग युद्धवाल्यांची आहे, तुम्ही जरा मागे बसा." त्या पोराला मी दोष देत नाही, त्याच्या हातातल्या यादीत माझे नाव नव्हते. मी उठलो. डाव्या मांडीत लोखंड असल्यामुळे मला खुर्चीतून उठायला वेळ लागतो, तोवर अख्खा मंडप बघत होता. मागे जाऊन बसल्यावर नातीने हळूच विचारले, "आबा, तुम्ही युद्धात नव्हता का?"

साहेब, या प्रश्नाचे उत्तर मी तिला दिले आहे. आता तुम्ही द्या.

१९७१ च्या युद्धाची पदके माझ्या बुकात चढवावीत, या माझ्या अर्जाला चारच दिवसांनी रेकॉर्ड ऑफिसचे, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचे, उत्तर आले. उपलब्ध नोंदींनुसार अर्जदाराची पलटण युद्धकाळात युद्धक्षेत्राबाहेर होती. त्या काळातली पूरक कागदपत्रे मुदत संपल्याने नष्ट केली आहेत. अर्जदाराने मूळ पुरावा सादर करावा, तूर्त प्रकरण बंद करण्यात येत आहे. म्हणजे कागद जाळायचे त्यांनी आणि आणून द्यायचे मी.

माझी पलटण बाहेर होती हे खरेच आहे. मी कधी नाकारले नाही. पण ऑक्टोबर १९७१ मध्ये पलटणीतून काही ड्रायव्हर काढून पूर्वेला अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरते दुसऱ्या युनिटला जोडून, पाठवले, त्यात मी होतो. आगरतळ्याला पोचलो तेव्हा गावात शरणार्थी इतके होते की गाडी वळवायला जागा मिळत नव्हती. सीमेपलीकडच्या आखौड्याची लढाई सुरू झाली तशी आम्हाला रात्रंदिवस अ‍ॅम्युनिशन पुढे न्यायचे काम लागले. दिवे बंद ठेवून शक्तिमान गाडी चालवायची, पुढच्या गाडीच्या मागे बांधलेले पांढरे फडके बघत बघत. आखौड्याजवळच्या गंगासागरला लान्स नाईक अल्बर्ट एक्का यांना वीरमरण आले, त्यांना पुढे परमवीर चक्र मिळाले. तो दिवस ३ डिसेंबरचा. दुसऱ्या दिवशी, ४ तारखेला संध्याकाळी, माल उतरवून परतताना आमच्या गाडीच्या डाव्या अंगाला गोळा पडला. गाडी भरलेली असती तर हे पत्र लिहायला कोणी उरले नसते. शेजारी बसलेला माझा जोडीदार जागीच गेला. तो ज्या युनिटला आम्ही जोडलेले होतो त्या युनिटचा, रोहतककडचा पोरगा. मला गोळ्याचे तीन तुकडे, स्प्लिंटर, लागले. दोन काढले, एक हाडाजवळ होता म्हणून डॉक्टरांनी तसाच ठेवला. ढाक्यात जनरल नियाझींनी शरणागतीच्या कागदावर सही केली ती बातमी मी हॉस्पिटलच्या खाटेवर पडून रेडिओवर ऐकली. वॉर्डात ज्यांना टाळ्या वाजवता येत होत्या त्यांनी वाजवल्या.

फौजेत माणूस कागदावर चालतो. बदली, बढती, लग्न, पोर, जखम, सगळ्याची पार्ट टू ऑर्डर निघते आणि ती रेकॉर्डला जाऊन पोचली की मगच ती गोष्ट घडली असे धरतात. माझ्या अटॅचमेंटची ऑर्डर त्या धावपळीत निघाली नाही, किंवा निघून वाटेत राहिली. युद्धाच्या तोंडावर एखाद्या क्लर्ककडून एक कागद राहू शकतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या चोपन्न वर्षांबद्दल.

माझे डिस्चार्ज बुक उघडून बघा. वैद्यकीय पानावर स्वच्छ लिहिले आहे : डिसेंबर १९७१, स्प्लिंटर इंज्युरी, डावी मांडी. पदकांच्या पानावर स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक आहे, सैन्य सेवा पदक आहे, नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचे आहे. पूर्व आघाडीवरच्या जवानांना मिळालेला 'पूर्वी स्टार' नाही. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्याला मिळते ते पराक्रम पदक नाही. आणि संग्राम पदकसुद्धा नाही, जे त्या काळात वर्दीत असलेल्या प्रत्येकाला मिळाले, मग तो पुढे असो की मागे! भरती १९६८ आणि पेन्शन १९८५ हे तर त्याच बुकाच्या पहिल्या पानावर आहे. मग १९७१ ला मी कोणाच्या नोकरीत होतो? एका पानाला जखम ठाऊक आहे आणि पुढच्या पानाला युद्ध ठाऊक नाही. ही दोन पाने एकाच टाक्याने शिवलेली आहेत, साहेब. चौदा वर्षांत एकाही अधिकाऱ्याला ती शेजारी शेजारी वाचावीशी वाटली नाही.

गेल्या वर्षी कंबरदुखीसाठी डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. मशीनजवळच्या मुलीने विचारले, अंगात कुठे धातू आहे का? म्हटले, आहे. त्यांनी एक्स-रे काढला आणि एमआरआय रद्द केला, चुंबकाने ते लोखंड हलेल म्हणून. त्या मुलीने माझ्याकडे पार्ट टू ऑर्डर मागितली नाही.

मी हे मागायला उशिरा सुरुवात केली, हे कबूल करतो. पदक मागायला जाणे आमच्या पिढीला लाजिरवाणे वाटायचे. जे आपले आहे ते सरकार आपणहून पाठवील, असे धरून चालणारी आमची जात. पहिला अर्ज २०११ चा. मग स्मरणपत्रे. मग माहिती अधिकाराचे दोन अर्ज. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचे असते, पहिले चौऱ्याहत्तराव्या दिवशी आले, तेही दुसऱ्याच कुणाच्या आर्मी नंबरचे. २०२१ ला युद्धाला पन्नास वर्षे झाली, स्वर्णिम विजय वर्ष साजरे झाले, विजय मशाल आमच्या भागात आली. त्या कार्यक्रमात एका मोठ्या अधिकाऱ्याने माझा अर्ज स्वतःच्या हाताने घेतला, माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "हवालदारसाब, तीन महिने में हो जाएगा." फोटोही काढला. तो अजून आमच्या भिंतीवर आहे. माझी पत्नी त्या तीन महिन्यांच्या आशेवर होती. ती २०२३ ला गेली. शेवटच्या दिवसांत ती मला दुसरे काही विचारत नसे, रोज फक्त पोस्टमन येऊन गेला का ते विचारायची.

मग सांगितले, दोन सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे आणा. कुठून आणू? एक त्या गाडीतच गेला. पलटणीतून माझ्याबरोबर आलेला दुसरा २०१६ ला वारला. तिसरा कांगड्याला आहे. त्याच्या मुलाने फोन कानाला लावून दिला. मला ओळखले नाही. लग्न, गाव, मुलांची नावे, काही आठवत नव्हते. नंबर विचारला तर आर्मी नंबर मात्र एका दमात सांगितला. अशा माणसाकडून मी कोणत्या कागदावर सही घेऊ?

एक ओळखीचे म्हणाले, छावणीच्या बाजारात पदके मिळतात, घेऊन लाव, कोण बघतंय. मी लावणार नाही. विकत घेतलेले पदक छातीवर लावायचे असते तर चौदा वर्षे पाकिटे कशाला चिकटवली असती? दुसऱ्यांनी सुचवले, सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जा, मुंबईत खंडपीठ आहे. म्हणजे माझे सरकार एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आणि एवढा उशीर का केला म्हणून आधी मीच माफीचा अर्ज करायचा!

२०२२ ला मुलगा मला दिल्लीला घेऊन गेला. राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्याग चक्राच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून जास्त नावे कोरली आहेत. दीड तास शोधले. माझा जोडीदार सापडला. नंबर, रँक, नाव. मी हात लावला, दगड उन्हाने तापलेला होता. चांगले केलेत, साहेब, ते स्मारक बांधलेत. त्यासाठी मी सॅल्यूट करतो. पण त्याच्या नावामागे तुमच्याकडे फाइल असणारच. तो कधी, कुठे, कोणत्या गाडीत, कशाने गेला, याचा अहवाल असल्याशिवाय दगडावर नाव चढत नाही. तो अहवाल काढा. तो को-ड्रायव्हर होता. मग ती गाडी कोण चालवत होतं? एवढी एक ओळ वाचली की माझे प्रकरण संपते. पण ती फाइल एका ऑफिसात, माझी दुसऱ्या ऑफिसात, आणि या दोघांमध्ये चालत जायचे काम पंच्याहत्तर वर्षांच्या, एका मांडीने अधू माणसाचे!

अमेरिकेत १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या सैनिकी अभिलेखागाराला आग लागली. एक कोटी साठ ते ऐंशी लाख सैनिकांच्या फायली जळाल्या. तरी पगाराच्या नोंदींपासून मिळेल त्या कागदावरून एकेकाची सेवा पुन्हा जुळवायचे काम तिथे आजवर चालू आहे. नातीने मला हे वाचून दाखवले तेव्हा मी रात्रभर जागा होतो. आमच्याकडे आग लागली नव्हती. आमच्याकडे मुदत संपली. २०१० ला वर्तमानपत्रांत बातमी होती की पूर्व कमांडकडची १९७१ ची बरीचशी कागदपत्रे नष्ट झाली आहेत. ज्या युद्धात त्र्याण्णव हजार युद्धकैदी पकडले म्हणून दरवर्षी भाषणे होतात, त्या युद्धाचे कागद आपण जपले नाहीत, आणि कागद नाही म्हणून माणसाला मागच्या रांगेत बसवतो. मग १२ जून २०२१ ला तुमच्याच मंत्रालयाने धोरण मंजूर केले, युद्धाच्या रोजनिश्या इतिहास विभागाकडे सोपवायच्या आणि साधारण पंचवीस वर्षांनी खुल्या करायच्या. त्या रोजनिशीत ४ डिसेंबरचे पान असेल ना? ते कोणी उघडले का?

आणि हे माझ्या एकट्याचे नाही. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. कुणाच्या विधवेचे नाव पेन्शनच्या कागदावर एका अक्षराने चुकले आहे म्हणून ती आठ महिने हेलपाटे घालते. मी जिवंत आहे हे मी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देऊन सिद्ध करतो, अंगठा यंत्रावर उमटला नाही तर डोळा दाखवतो. चूक ऑफिसची आणि सिद्ध करायचे सैनिकाने, हा नियम कुठल्या पुस्तकात आहे तो मला दाखवा. निवडणुकीत आमच्या वर्दीचे फोटो चालतात. आमची पत्रे चालत नाहीत.

मागणे थोडे आहे. माझ्या जोडीदाराची फाइल, त्या युनिटची रोजनिशी आणि हॉस्पिटलचे डिसेंबर १९७१ चे रजिस्टर, ही तीन कागदपत्रे तुमच्या माणसांनी तुमच्याच कपाटातून काढून शेजारी ठेवावीत. संग्राम पदक, पूर्वी स्टार आणि पराक्रम पदकाची नोंद माझ्या बुकात चढवावी. धातूची पदके नाही दिलीत तरी चालेल, नोंद हवी. आणि जुन्या सैनिकाचा असा अर्ज आला तर पुरावा शोधायची जबाबदारी रेकॉर्ड ऑफिसवर राहील, असा लेखी हुकूम काढावा. याला पैसे लागत नाहीत. या पदकांनी माझ्या पेन्शनमध्ये एक रुपयाही वाढत नाही, हे तुमच्या अधिकाऱ्यांना मी सहाव्या पत्रात लिहिले होते.

सोबत डिस्चार्ज बुकाच्या दोन्ही पानांच्या प्रती, स्मारकावरच्या नावाचा फोटो आणि मांडीचा एक्स-रे जोडला आहे. उत्तर पोस्टाने पाठवावे. पोस्टमन दुपारी दोनच्या सुमारास येतो, मी घरीच असतो.

जय हिंद.

आपला,
एक माजी हवालदार (ड्रायव्हर)