मा. रेल्वेमंत्र्यांस खुले पत्र : वीज घाट चढली, लोकल कधी चढणार?

मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार, यांस
सविनय नमस्कार.

महोदय, गेल्या सोमवारी माझा अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी नाशिकरोडला राहतो आणि ठाण्यात नोकरी करतो. पहाटेची गाडी चुकली, की कसाऱ्यापर्यंत शेअर जीप आणि तिथून लोकल, एवढाच मार्ग माझ्यासारख्यांना उरतो. जीपमध्ये माणसे कोंबलेली असतात. पुढे बसलो तर ड्रायव्हर प्रत्येक गिअरला ‘काका, पाय घ्या’ म्हणतो, आणि ज्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे, तोच नेमका गिअरपाशी येतो. सोमवारी ती जीप घाटात बंद पडली. दुसरी मिळेपर्यंत मी कठड्याला टेकून उभा होतो. हजेरीपुस्तकात लाल शेरा मारणाऱ्या साहेबांना हे सांगून उपयोग नव्हता, म्हणून आपल्याला सांगत आहे.

कसारा ते इगतपुरी हे रेल्वेचे अंतर जेमतेम 15 किलोमीटर आहे. देशातली पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईहून कुर्ल्याला गेली आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांतच जीआयपी रेल्वेने (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज कंपनी) थळ घाट, म्हणजेच कसारा घाट, चढवून वीज इगतपुरीपर्यंत आणली. या चढासाठीच ‘खेकडा’ नावाने ओळखली जाणारी इंजिने आली. लोकल मात्र आजही कसाऱ्याला येऊन थांबते. वीज येऊन शंभर वर्षे होत आली, गाडी अजून विचाराधीन आहे!

पूर्वी सांगत, की इगतपुरीच्या अलीकडे तारेत डीसी प्रवाह आणि पलीकडे एसी, म्हणून एकच गाडी दोन्हीकडे चालत नाही. तोही अडसर 2015 पर्यंत मुख्य मार्गावरून पार हटला. आता उरला तो 37 ला 1, म्हणजे 37 मीटरला एक मीटर उंच जाणारा, चढ. मान्य, हा चढ खेळ नव्हे. लांब पल्ल्याच्या गाड्यांनाही कसाऱ्याला मागून ढकलणारी जादा ‘बँकर’ इंजिने लावावी लागतात, आणि ब्रेकचा प्रश्न खरा आहे. पण जपानमध्ये हाकोने तोझान नावाची विजेची रेल्वे 1919 पासून 12.5 ला 1 असा चढ दातेरी रुळाशिवाय चढते, कारण तिथे घाटाला साजेशी गाडी आणि साजेसे ब्रेक बनवले गेले. आपल्याकडे घाटाचे कारण बनवले गेले.

आणि हे सगळे नाशिकरोडलाच घडावे, याला काय म्हणावे? रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना प्रशिक्षण देणारी संस्था इथेच, विजेच्या इंजिनांच्या मोटरी दुरुस्त करणारा कारखाना इथेच, एकलहऱ्याचे वीज केंद्रही इथून हाकेच्या अंतरावर. 1889 साली या गावाला स्टेशनपासून मेनरोडपर्यंत घोड्यांची ट्राम होती. ती बंद पडली त्याला नव्वद वर्षे झाली, तिच्या जागी काय आले? 2021 च्या अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी 2,092 कोटींची घोषणा आली. टाळ्याही वाजल्या. एक खांब उभा राहिलेला मला दाखवा. नियोजित नाशिक-पुणे रेल्वेचा 235 किलोमीटरचा मार्ग नारायणगावच्या रेडिओ दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल म्हणून अडखळला. दुर्बीण तिथे गेल्या शतकापासून आहे, मार्ग आखणाऱ्यांना ती दिसली नाही काय?

पैसा नाही, असेही म्हणता येणार नाही. इगतपुरी-कसाऱ्याच्या डोंगरातून समृद्धी महामार्गाचा सुमारे 8 किलोमीटरचा जुळा बोगदा निघाला आणि जून 2025 मध्ये खुला झाला. ज्याच्याकडे मोटार आहे, त्याच्यासाठी डोंगर पोखरता येतो. ज्याच्याकडे पास आहे, त्याने चढाचे गणित ऐकून घ्यायचे. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा साधुसंतांसाठी जादा गाड्या सुटतील आणि त्या याच घाटातून येतील, हेही आम्ही पाहू.

माझी मागणी एकच आहे. घाटात चालेल अशी लोकल किंवा मेमू (लोकलसारखीच कमी अंतराची विजेची गाडी) कसाऱ्याहून नाशिकरोडपर्यंत कोणत्या तारखेला चाचणीसाठी सोडणार, ते लेखी कळवावे. समिती नको, सर्वेक्षण नको. तारीख आणि त्याखाली जबाबदार अधिकाऱ्याची सही एवढेच हवे.

आपला,
नाशिकरोडचा एक पासधारक