बाईंच्या वह्या रद्दीत जाऊ नयेत

प्रति,
संपादक महोदय,

नाशिकच्या शरणपूर परिसरातील आमच्या संडे स्कूलच्या, म्हणजे रविवारी चर्चमध्ये भरणाऱ्या बायबलच्या वर्गाच्या, बाई नुकत्याच प्रभूघरी गेल्या. त्यांचे नाव छापू नये, असे घरच्यांनी सांगितले आहे आणि बाईंनाही ते आवडले नसते. तरी त्यांच्याविषयी आपल्या दैनिकात लिहून यावे असे मनापासून वाटते. चर्चमधल्या जुन्या फलकांवर मिशनरींची नावे वाचायला मिळतात, पाळकांची मिळतात. घर सांभाळून मुलांना आणि बायकांना बायबलचे वचन शिकवणाऱ्या गृहिणींची नोंद मात्र सहसा कुठे राहत नाही.

बाईंना पगार नव्हता, पद नव्हते. यजमान नाशिक रोडच्या प्रेसमध्ये पाळीवर जात, घरात सासू-सासरे आणि मुले. शनिवारी रात्री ओटा धुऊन झाला की त्या स्वयंपाकघरातच रविवारच्या पाठाची तयारी करायला बसत. मुलांच्या वह्यांत उरलेली कोरी पाने दोऱ्याने शिवून त्यांनी स्वतःची वही केलेली असे. डाव्या पानावर वचन, उजव्या पानावर आम्हाला विचारायचे प्रश्न. प्रश्नांखाली उत्तरे लिहिलेली नसत, जागा मोकळी असे. एखाद्या मुलाचे उत्तर मनाला पटले की घरी गेल्यावर त्या ते तिथे लिहून ठेवत, खाली त्या मुलाचे नाव.

इस्राएल लोक मिसर देशातल्या गुलामगिरीतून सुटले त्याची कथा सांगणारे बायबलमधले निर्गमाचे पुस्तक सुरू झाले की मिसर देशाच्या आधी त्या शरणपूर सांगत. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात वसवलेल्या या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले राहत आणि शिकत. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवाबरोबर आफ्रिकेतून इंग्लंडला गेला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या त्यांच्या दफनविधीला उपस्थित होता. हे ऐकल्यावर इस्राएल लोकांची सुटका आम्हाला परक्या देशातली वाटत नसे. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हा इतिहास माहीत आहे? आम्हाला तो शाळेच्या पुस्तकातून मिळाला नाही, बाईंकडून मिळाला.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायासाठी त्यांनी आम्हाला दिंडोरीकडच्या एका ओळखीच्या द्राक्षबागेत नेले होते. ऑक्टोबरची छाटणी चालू होती. बागवान आमच्या चर्चच्या मंडळीतला नव्हता, पण बाईंनी त्यालाच शिकवायला उभे केले. काडीवरचा डोळा कसा ओळखायचा, किती डोळे राखून कात्री लावायची, हे त्याने एकेका मुलाचा हात धरून दाखवले. मग झाडाखाली बसून बाईंनी द्राक्षवेल आणि फाट्यांचा अध्याय वाचला: येशू वेल, आपण फाटे आणि देव छाटणी करणारा माळी. एका मुलीचे वडील त्याच वर्षी वारले होते. तिने विचारले, ‘ही पण छाटणीच का?’ बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘नाही गं. प्रत्येक दुःख म्हणजे देवाची कात्री नाही. काही दुःखांत देव आपल्याशेजारी बसून नुसता रडतो. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला होता ना?’ दुःखी माणसाला वचन फेकून मारणाऱ्या धार्मिक लोकांची मला चीड येते, ती बाईंमुळेच.

बुधवारी दुपारी बायकांचा वर्ग असे. त्यांत धुणीभांडी करणाऱ्या होत्या, अक्षरओळख नसलेल्या होत्या. त्यांना तेविसावे स्तोत्र तोंडपाठ असे. बाई त्यांच्यासमोर तेच पान उघडत आणि म्हणता म्हणता शब्दांखालून बोट फिरवायला लावत. पाठ असलेल्या ओळीत ‘म’ कुठे आहे हे बोटाला आधी कळे, डोळ्याला नंतर. अशा वाचायला शिकलेल्या एका मावशींनी पुढे स्वतःच्या रेशनकार्डावरचे चुकीचे नाव ओळखले आणि दुरुस्त करून घेतले. त्या दिवशी वर्गात पेढे वाटले गेले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर घरी अक्षरे शिकल्या आणि त्यांनी आपले पती, कवी ना. वा. टिळक यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचे काव्य पुरे केले. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून अख्खे बायबल मराठीत आणले. वर्गात नव्या आलेल्या, बुजलेल्या बाईला या दोघींविषयी सांगितल्याशिवाय बाई पुढचा पाठ घेत नसत.

पहाटे नळाला पाणी येण्याआधी त्या प्रार्थनेला बसत. आजारी, परीक्षेला बसलेली, घर सोडून गेलेली अशी सगळी माणसे नावानिशी त्या प्रार्थनेत असत. ती नावेही वह्यांच्या शेवटच्या पानांवर आहेत.

अंत्यविधीनंतर घराची आवराआवर सुरू झाली तेव्हा या वह्यांचा गठ्ठा रद्दीच्या कागदांतच बांधलेला होता. त्यांच्या सुनेच्या लक्षात आले म्हणून तो बचावला. इतर घरांत असे कितीतरी गठ्ठे गेले असतील. नाशिकमधल्या सर्व मंडळ्यांच्या पास्टोरेट कमिट्यांना (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समित्यांना) आणि महिला मंडळांना माझी विनंती आहे की, आपल्या जुन्या शिक्षिकांच्या घरी जाऊन अशा वह्या मागून घ्याव्यात. घरच्यांना मूळ वही द्यायची नसेल तर पानांचे फोटो काढून ठेवावेत. प्रार्थनेतली खासगी नावे झाकून बाकीची पाने संडे स्कूलच्या नव्या शिक्षकांना वाचायला द्यावीत. ज्या शिक्षिका हयात आहेत त्यांच्याशी बोलून घ्यावे, तेही लवकर, कारण त्यांतल्या बऱ्याच जणी आता थकल्या आहेत. बाईंच्या वह्या उतरवून काढण्याचे काम आम्ही काही माजी विद्यार्थिनींनी सुरू केले आहे. अक्षर बारीक आहे आणि कागद जुना, त्यामुळे वेळ लागेल.

आपली,
एक विद्यार्थिनी, नाशिक