ट्रेलरमध्ये घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हल्ली गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला, वैतरणा-त्र्यंबक पट्ट्यात, काजव्यांच्या दिवसात भंडारदऱ्याकडे छोटे ट्रेलर गाडीमागे लावून मुक्कामाला जाणारी मंडळी दिसायला लागलीत. छान वाटतं बघून, पण बॅटरी घ्यायला दुकानात गेलं की एकच ठरलेलं उत्तर मिळतं, १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरची लेड ॲसिड बॅटरी टाका, घरी चालते तर ट्रेलरमध्ये का नाही चालणार. हा सल्ला मला अजिबात पटत नाही म्हणून हे पत्र.

आधी घरी बसून वॅट-अवरचा, म्हणजे वॅट गुणिले तास असा, हिशोब मांडा. ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा रात्रभर ८ तास म्हणजे २४०, एलईडी दिवे ५०, मोबाईल ५०, आणि १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज असेल तर तो एकटाच दिवसाला ४००-५०० खातो. म्हणजे ८०० च्या आसपास झालं. आता १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० दिसतात खरे, पण लेड ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य भराभर कमी होतं, त्यामुळे हातात धरायचे फक्त ९००. उलट लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएच, १२.८ व्होल्ट, म्हणजे १२८०, त्यातले ८० टक्के बिनधास्त वापरा, हजाराच्या वर मिळतात. आकडा लहान पण कामाची वीज जास्त, हे दुकानात कोणी समजावून सांगत नाही.

वजनाचं तर विचारूच नका. ती ट्युब्युलर ५० किलोच्या पुढे, लिथियम १०-१३ किलो, आणि छोटा ट्रेलर ओढत कसारा घाट चढायचा असेल तर तो फरक गाडीला लगेच जाणवतो. शिवाय ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, घरी ती बाल्कनीत किंवा जिन्याखाली असते, इथे तिच्या शेजारी पोरं झोपलेली असतात! ज्यांच्याकडे ती आधीच बसवलेली आहे त्यांनी निदान बाहेर उघडणारा व्हेंट (हवा जायला झरोका) करून घ्या, एवढं कळकळीने सांगतो.

वर्षातून एखाददुसरी रात्र जायचंय, फ्रीजही नाही, तर लेड ॲसिड चालेल, स्वस्त पडते. पण ती अर्धवट चार्ज ठेवून महिनोन्‌महिने शेडमध्ये उभी केली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅटरी बसते.

सोलरबद्दलही थोडं. २०० वॅटचं पॅनल एप्रिलच्या उन्हात दिवसाचा हा खर्च बऱ्यापैकी भरून काढतं, पण ऑगस्टमध्ये इगतपुरीला त्याच्या भरवशावर राहू नका. तेव्हा चालत्या गाडीवरूनच चार्जिंग करावं लागतं, आणि तिथे मध्ये करंट आटोक्यात ठेवणारा डीसी टू डीसी चार्जर हवाच, कारण लिथियम इतका करंट ओढते की अल्टरनेटर (गाडीच्या इंजिनावर वीज बनवणारं यंत्र) तापतो. घरचा जुना चार्जरही तसाच जोडू नका, लिथियमला साधारण १४.२ ते १४.६ व्होल्टचं सेटिंग लागतं. लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नसते, आपल्याकडे तो प्रश्न नाही, आपल्याकडे मे महिन्यात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत ती कोंडू नका म्हणजे झालं.

आणि स्वयंपाक गॅसवरच करा. २००० वॅटची इंडक्शन १२ व्होल्टवर १६० अँपिअरच्या वर ओढते, बारीक वायर असली तर वितळेल. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच फ्यूज बसवा.

२०२७ च्या सिंहस्थाला कितीतरी कुटुंबं गाड्यांमध्येच मुक्काम करतील. त्याआधी आपल्या पेपरने एखाद्या जाणकार इलेक्ट्रिशियनकडून हा सगळा हिशोब सोप्या भाषेत छापावा ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक