कपाटातलं वऱ्हाड गावात नेताना

मोर्शी, जि. अमरावती
कपाशीच्या वेचणीचे दिवस

प्रिय गजानन,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "जुने कागद गावोगाव नेऊन मांडण्यात काय हशील? ज्याला अभ्यास करायचा तो येईल ना विद्यापीठात." तेवढ्यात रेंज गेली आणि बोलणं अर्धवट राहिलं. दोन वाक्यांत देण्यासारखं उत्तर नाही ते, म्हणून निवांत लिहायला बसलो.

आधी रिद्धपूरचं सांगतो. आपल्याच तालुक्यातलं गाव, लहानपणी बैलगाडीतून जत्रेला जायचो तेच. शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ.स. १२७८ च्या आसपास, म्हाइंभटांनी तिथं लीळाचरित्र, म्हणजे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा ग्रंथ, सिद्ध केलं. स्वामींना ज्यांनी पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे जाऊन एकेक आठवण विचारून घेतली आणि पंथाचे पहिले आचार्य नागदेवाचार्य यांच्याकडून ती पडताळून घेतली. पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो माणसांच्या तोंडपाठ आठवणीतून. त्यातला एक पाठ आजही हिराइसा या बाईच्या नावानं ओळखला जातो. मराठीचा पहिला मोठा गद्यग्रंथ असा टिकला, गजानन! म्हणून मला वाटतं, नुसतं कपाट सांभाळून भागत नाही. त्या कपाटाला माणसं लागतात.

आमच्या विद्यापीठाच्या हस्तलिखित दालनात काय आहे ते तू पाहिलं नाहीस. लाल कापडाची बासनं, प्रत्येकात वेखंडाची पुरचुंडी, त्यावर जुनी चिठ्ठी. परवा सकळ लिपीतली एक पोथी काढली होती. कडा कसरीनं खाल्लेल्या, पण मधली काजळाची अक्षरं अशी की काल लिहिल्यासारखी. बोरूनं लिहिताना लिहिणाराचा हात जिथं थांबला तिथं शाई जरा दाट झालेली, तेवढंसुद्धा दिसतं. समासात दुसऱ्याच हातानं एक गाळलेला शब्द बारीक अक्षरात भरलाय. ही लिपी चौदाव्या शतकापासून महानुभावांनी वापरली, बाहेरच्याला वाचता येऊ नये म्हणून. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९१० च्या सुमारास ती उकलली, तेव्हा कुठं हे साहित्य बाकीच्या महाराष्ट्राला कळलं. महानुभाव साहित्याचे संशोधक वि. भि. कोलते तर आपल्या बुलडाण्याच्या नरवेलचे. पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण त्यांचं खरं काम या पोथ्यांतलं.

आता तुझा प्रश्न इथंच अवघड होतो, आणि तो मी टाळणार नाही. जे लोकांनी जाणूनबुजून झाकून ठेवलं, ते आपण सगळ्यांपुढे उघडावं का? मी एका मठात जाऊन तिथल्या बाबांना दंडवत प्रणाम करून हेच विचारलं. ते म्हणाले, "यादी खुशाल लावा. पण काही पोथ्या उपदेश घेतल्याबिगर वाचत नसतात, त्याची पानं दाखवू नका." उपदेश म्हणजे पंथाची दीक्षा. आम्ही तसंच ठरवलंय. कोणती पोथी कुठं आहे हे कुणालाही कळेल, पण अशा पोथ्यांची पानं, ज्यांची पोथी त्यांना विचारल्याशिवाय, दाखवायची नाहीत. काही अभ्यासकांना हे पटलं नाही. मला पटलं. ज्यांच्या देव्हाऱ्यातून पोथी आली, त्यांचा त्यावरचा हक्क ती आमच्याकडे आल्यानं संपत नाही.

पोथ्यांखेरीज दुसरा मोठा ढीग आहे मोडी कागदांचा. गहाणखतं, खरेदीखतं, जिनिंगच्या पावत्या, पाटलांचे पत्रव्यवहार. वऱ्हाडाचे कागद फार विखुरलेत. आधी निजामाचा मुलूख, १८५३ पासून इंग्रजांचा कारभार, मग मध्य प्रांत आणि वऱ्हाड, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. दरवेळी कचेरी बदलली, कागद हलले. विद्यापीठांचंही तसंच. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, अमरावतीचं १९८३ चं. मधली साठ वर्षं आपल्याकडची कॉलेजं नागपूरलाच जोडलेली.

तर गेल्या महिन्यात यातल्या काही कागदांच्या मोठ्या प्रती काढून आम्ही वरुडकडच्या एका गावी समाजमंदिरात लावल्या. शेजारी मोडीचं देवनागरी लिप्यंतर. वेचणीचे दिवस असल्यानं माणसं संध्याकाळीच येतील म्हणून दिवे लावून रात्री नऊपर्यंत थांबलो. एका खरेदीखतात वावराच्या चतुःसीमा होत्या: पूर्वेस नाला, दक्षिणेस देवस्थानची जमीन, आणि गावाचं नाव. ते गाव आमच्या कुणाला नकाशावर सापडत नव्हतं, म्हणून नोंदीत "गाव अज्ञात" असंच पडलेलं. एक म्हातारे चष्मा सरकवत ते वाचून घेत होते. लिप्यंतर वाचून संपलं आणि म्हणाले, "अज्ञात काहून? हे रिठ हाय ना बाप्पा. पटकीत गाव उठलं, असं माहा आजा सांगे. आता तिथं मारुती हाय अन् संत्र्याचा बगिचा. नाला बी हाय, पन त्यानं वाट बदलली." दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाच्या मोटरसायकलवर जाऊन पाहून आलो. मारुती आहे, शेंदराखाली दगड झिजलेला. तलाठ्यांकडे गेलो, तर महसुली नोंदीत त्या शिवाराला अजून तेच नाव. नोंद दुरुस्त केली आणि "माहिती सांगणार" या रकान्यात म्हाताऱ्यांचं नाव त्यांना विचारून घातलं. तो रकाना आम्ही नव्यानं केलाय. त्याचा मला फार अभिमान आहे.

सांग, हा माणूस कामाच्या दिवशी मजुरी बुडवून, ओळखपत्र नि शिफारसपत्र घेऊन वाचनकक्षात आला असता का? अभ्यासकांनी यावंच, त्यांना चहा पाजू. पण या कागदांत ज्यांच्या वावरांची नावं आहेत ते येऊ शकत नसतील, तर आम्ही तिकडे जायला हवं. सगळं स्कॅन करून इंटरनेटवर टाकायचं कामही चालू आहे. पण मोबाइलवर मोडी पाहून कुणाला काय कळणार? शेजारी बसून वाचून दाखवणारा लागतोच. म्हणून मोडी शिकवायचा वर्गही सुरू केलाय, शाळेतल्या दोन बाई अगदी झपाट्यानं शिकताहेत.

आता माझी मागणी. तुमच्या वाड्यात माळ्यावर आबांची पत्र्याची पेटी आहे, ती मला माहीत आहे. विद्यापीठाला देऊन टाक असं मी म्हणत नाही. पेटी तुमचीच राहील. चार दिवस आमच्याकडे आण, स्कॅन करू, एक प्रत तुला, एक आम्हाला, आणि काय लोकांपुढे ठेवायचं, काय नाही, हे तू आणि काकू ठरवा. घरच्या वाटणीचे कागद असतील तर ते बाजूला ठेव.

तोवर एवढं कर. पुडकी सोडण्याआधी जशी आहेत तसे फोटो काढ, कारण कोणता कागद कशाच्या संगतीत होता यातूनही बरंच कळतं. चिकटपट्टी लावू नकोस, लॅमिनेशन तर मुळीच नको. उन्हात वाळत घालू नकोस, सावलीत वारा दे. आकडे टाकायचे तर शिसपेन्सिलीनं, कोपऱ्यात. वाळवीची माती दिसली तर तेवढं पुडकं वेगळ्या खोक्यात ठेव आणि मला फोन कर, मी येतो.

काकूंना साष्टांग नमस्कार सांग. पेटीतला कोणता कागद कुणाचा, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल, तेव्हा त्यांनाही सोबत घेऊन ये. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
दिनकर